बीम चढण्याआधी

पहाटे तीनला अशोक चौकातली वीज गेली, साडेतीनला आली.
सर्व्हर आधी उठला.
स्टोरेजचा डबा मागच्या खोलीत, म्हातारा, बारा डिस्कांचा,
एकेक डिस्क फिरवत, खाकरत
सहा मिनिटं उशिरा.

त्या सहा मिनिटांचा दोष एका शब्दाचा.
माउंटच्या यादीत, ओळीच्या शेवटी, मीच टाकलेला: नोफेल.
व्हॉल्यूम आला नाही तरी अडू नकोस, पुढे हो.
गेल्या मे महिन्यात टाकला होता, एसी बंद,
मला घरी जायचं होतं.

डेटाबेस उठून आपल्या फोल्डरपाशी गेला.
उंबरा होता. दार होतं. आत कोणी नव्हतं.
त्याला वाटलं, आज पहिलाच दिवस.
त्यानं कोऱ्या टेबलांची चटई अंथरली
आणि बसला.

साडेअकराला निर्मलाक्का कुडक्यालचा फोन.
"सर, मशीन म्हणतंय एक बी खातं नाही.
बाया उन्हात हुभ्या हायेत, विडीचं काम सोडून आल्यात.
मग मी नवीन काढून दिली. एक्केचाळीस.
परत कसं पाठवू?"

मी एका ओळीत व्हॉल्यूम चढवला, डेटाबेस पुन्हा उठवला.
अकरा हजार दोनशे खाती, जशीच्या तशी.
"आली, आली!" पलीकडे कुणीतरी टाळी वाजवली.
मग जरा वेळानं, हळू आवाजात:
"पण सर, आमची एक्केचाळीस?"

ती कुठे गेली नव्हती.
लिहिली तिथेच होती,
आणि व्हॉल्यूम त्यांच्या अंगावर येऊन बसला होता.
माउंट खालचं पुसत नाही. नुसतं झाकतं.

नाना मला मागाच्या बटणाला हात लावू देत नसत.
"आगु रा," थांब पोरा,
"आधी बीम चढू दे, सांधणी होऊ दे."
मी विचारायचो, बीम नसला तर माग चालत नाही का?
"चालतो की," ते म्हणायचे, "खडखड तीच.
रस्त्यावरून जाणाऱ्याला कळणार बी नाही.
फक्त कापड नसतंय."

संध्याकाळी शटर अर्धं ओढून व्हॉल्यूम उतरवला.
खाली एक्केचाळीस नावं, आपापले पैसे धरून बसलेली.
अंबव्वा म्याकल, पन्नास.
शाहेदा नदाफ, तीस.
पुन्हा अंबव्वा म्याकल, दहा, बहुतेक सुट्टे सापडल्यावर.

सगळी एकदम ओतता येत नाहीत.
संपलेल्या बीमचा धागा नव्या बीमच्या धाग्याला
नाना राख लावलेल्या बोटांनी पीळ देत,
दोन हजार धागे, एकही उपरा नाही.
मी जुनी अंबव्वा शोधली, नवीचे साठ तिला जोडले.
वडिलांचं नाव, घरकुलाचा नंबर, अंगठा.
रात्री दीडपर्यंत चाळीस नोंदी सांधल्या.

एक उरली. तिला जुनं टोकच नव्हतं.
रेणुका गाजूल, वय एकोणीस, कुंभारी,
भरणा वीस रुपये.
ती खरोखरच पहिल्यांदा आली होती.

मग नोफेल खोडला.
त्या जागी हार्ड लिहिलं: स्टोरेज येईतो वाट पाहा,
कितीही वेळ, तक्रार न करता.
खालच्या रिकाम्या फोल्डरला कुलूप घातलं,
आता तिथे कुणालाच काही लिहिता येणार नाही,
मलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी रेणुका पासबुक घेऊन आली.
निर्मलाक्कानं काल पेनानं आकडा घातला होता: खाते क्रमांक १.
मी तो खोडून ११२०१ केला,
वर संस्थेचा शिक्का मारला.

तिनं पासबुक उजेडात धरून पाहिलं.
"काल तर मी एक नंबर होते," म्हणाली.
मी सांगायला गेलो की त्या वेळी आत
आणि थांबलो.
मागच्या खोलीत बारा डिस्का फिरत होत्या.
ती अजून काउंटरपाशी उभी होती.